कापलेला फोटो

"तंबू डार्सीचा, तवा माझा, तेल-मीठ लेसावीचं. मग भांडण कशाचं आहे?" टॅम्सिनने विचारलं.

"भांडण सॉसेजचं आहे!" डार्सी म्हणाला. "माणशी दोन म्हणजे उपासच की!"

"तू एकटाच तिघांचे खातोस."

"मी वाढत्या वयाचा आहे!"

जुलैची, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्याची, सुट्टी लागली होती. विराबेलसारख्या गावात सुट्टीत करण्यासारखं फार काही नसतं. म्हणून नदीवरच्या बंधाऱ्यापाशी तंबू ठोकून एक रात्र काढायची, असं तिघांनी शाळा सुरू असतानाच ठरवलं होतं. टॅम्सिन डॉयल तेरा वर्षांची. डार्सी तिचा मावसभाऊ, अकरा वर्षांचा. तिसरी लेसावी, टॅम्सिनच्याच वर्गातली. तिची आई गावच्या दवाखान्यात नर्स होती. त्या सकाळी टॅम्सिनच्या गॅरेजात दोघंच बसले होते, कारण लेसावी अजून आली नव्हती.

ती आली तेव्हा तिने सायकल लावली नाही, टाकून दिली.

"मी येणार नाही," ती म्हणाली आणि हातातलं वर्तमानपत्र तिने तव्यावर आपटलं.

ते 'विराबेल गॅझेट' होतं. दर गुरुवारी फुकट मिळायचं आणि सगळं गाव ते वाचायचं. पहिल्या पानावर एक काळपट फोटो होता. तीन माणसं पाठमोरी, वाकलेली, घाईत. त्यांच्या हातात पिवळा जनरेटर. वर मोठा मथळा: 'अंधारात पळतंय कोण?' खाली बारीक अक्षरात मजकूर होता. कृषी प्रदर्शन समितीचा जनरेटर गेल्या आठवड्यात शेडमधून गायब झाला आहे. मैदानावर राहणाऱ्या पाहुण्यांमुळे गाव सुरक्षित आहे का? मंगळवारी संध्याकाळी सभागृहात गावाची सभा.

"पाहुणे म्हणजे कोण?" डार्सीने विचारलं.

"माझा कलताक मामा आणि त्याची माणसं! दुसरं कोण राहतं मैदानावर?"

कलताक आणि त्याचे आठ सोबती दरवर्षी समुद्रापलीकडच्या वनुआतू बेटांवरून संत्र्यांच्या तोडणीला यायचे. प्रदर्शनाच्या मैदानाच्या कडेला खोल्यांची एक रांग होती, तिथे ते हंगामभर राहायचे. सभेने नको म्हटलं तर बागवाल्याकडे त्यांना ठेवायला दुसरी जागा नव्हती. तोडणी अर्ध्यावर टाकून त्यांना घरी जावं लागलं असतं.

"मामाच्या घराचं छप्पर चक्रीवादळात उडालंय," लेसावी म्हणाली. "आजी ताडपत्रीखाली राहते. आणि आज सकाळी बेकरीत मामाला कोणी 'गुड मॉर्निंग'सुद्धा म्हटलं नाही. रोज म्हणतात!"

"मामा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, फोटो मार्चमधला आहे. मोठं वादळ झालं होतं ना, वीज गेली होती, त्या दिवसाचा. एका आजारी आजीबाईंच्या घरी ते जनरेटर पोचवत होते. संपलं!"

"मग संपलंच की!" डार्सी म्हणाला.

टॅम्सिन फोटोकडे बघत होती. "संपलं नाही," ती म्हणाली. "हे मामा म्हणतो. चोरी केली असती तरी त्याने असंच काहीतरी सांगितलं असतं."

लेसावी गर्रकन तिच्याकडे वळली.

"तू माझ्या मामाला चोर म्हणतेस?"

"नाही म्हणत! पण पेट्राकिस बाईंनी काय शिकवलं? जी गोष्ट खरी असावी असं आपल्याला मनापासून वाटतं, ती आधी तपासायची."

मागच्या सत्रात पेट्राकिस बाईंनी त्यांना बातम्यांचा धडा दिला होता. पुस्तकातून नव्हे. बाई वर्तमानपत्रं, जाहिराती आणि फोनवर फिरणारे व्हिडिओ वर्गात आणायच्या आणि म्हणायच्या, 'हे सांगणारा कोण? तुम्ही हे मानलंत तर कोणाचं फावतं? आणि चौकटीच्या बाहेर काय राहिलंय?' मुलांना त्या तासाला मजा यायची. बातमी आपल्याच घरातल्या माणसाची असली की मजा येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

"बाई गेल्यात समुद्रावर!" लेसावी ओरडली. "हा वर्ग नाहीये! तू ना, तू त्या बेकरीतल्या लोकांसारखीच आहेस!"

तिने सायकल उचलली आणि ती निघून गेली.

"शाबास," डार्सी म्हणाला. "आता सॉसेज माणशी तीन."

"गप्प बस आणि तुझ्या बाबांचं ते तिकिटं बघायचं भिंग घेऊन ये!"

भिंगाखाली फोटोचे ठिपके झाले, पण दोन गोष्टी दिसल्या. डाव्या कडेला लाकडी कठड्यावर चार बोटं होती. नुसती बोटं! हाताचा बाकीचा भाग कागदाबाहेर गेलेला. आणि वरच्या कोपऱ्यात एक फांदी होती, रुंद पानांची, पांढऱ्या फुलांची.

"चाफा," टॅम्सिन म्हणाली. "असा कठडा आणि दाराशी चाफा. चल, घर शोधू!"

पण विराबेलमध्ये जवळजवळ प्रत्येक घराला लाकडी कठडा होता. दोघांनी दुपारपर्यंत सायकली हाकल्या. शाळेमागचे रस्ते झाले, रेल्वेच्या जुन्या फाटकापलीकडचे झाले. एका घरी कुत्रा मागे लागला. एका घरी कठड्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "काय रे, काय विकताय?" डार्सीने सांगितलं, "काही नाही, तुमचा चाफा बघतोय!" आजोबा म्हणाले, "त्यात काय बघायचं? काटक्या आहेत नुसत्या!"

डार्सीने करकचून ब्रेक दाबला.

"टॅम! काटक्या!"

"कसल्या काटक्या?"

"अगं, सकाळपासून आपण सात-आठ चाफे बघितले. एकाला तरी पान आहे का?"

नव्हतं. जुलैच्या थंडीत गावातले सगळे चाफे झडले होते. हरणाच्या शिंगांसारख्या बोडक्या फांद्या आभाळात उभ्या होत्या. फोटोतला चाफा मात्र पानाफुलांनी भरलेला होता.

टॅम्सिन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. "म्हणजे हा फोटो गेल्या आठवड्यातला असूच शकत नाही."

"मी शोधलं! माझं नाव सांगायचं सगळ्यांना!"

"सांगेन रे बाबा! आधी एका घरी जायचंय."

लेसावीने दार उघडलं, पण अर्धंच.

"तुझा मामा खरं बोलतोय," टॅम्सिन म्हणाली.

"मला माहीत होतं."

"मला नव्हतं. आता आहे." आणि तिने चाफ्याचं सांगितलं.

लेसावीने सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा काही हलला नाही. मग ती म्हणाली, "थांब, बूट घालते."

संध्याकाळी बागेतून परत आलेला कलताक खोलीबाहेर पाय धूत बसला होता. मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्याने म्हातारीचं घर लगेच सांगितलं, टेकडीच्या रस्त्याचं शेवटचं. ब्रिग्जआजींचं. "नाकात नळी होती त्यांच्या," तो म्हणाला. "ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं. वीज गेली म्हणून प्रदर्शन समितीच्या मिस्टर टकवेलनी मला शेडची चावी दिली आणि म्हणाले, जनरेटर घे आणि पळ. म्हणून आम्ही पळत होतो."

"मग हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?" डार्सीने विचारलं.

"सांगितलं. गॅझेटच्या ऑफिसात गेलो होतो. ते म्हणाले, बघतो." त्याने टॉवेलने पाय पुसले. "इथं 'बघतो' म्हटलं की कोणी बघत नाही, एवढं मला कळतं."

शुक्रवारी सकाळी तिघं टेकडीवर गेले. घर बंद होतं. कठडा होता, चाफा होता, बोडका. शेजारच्या बाईंनी सांगितलं, आजी थंडीपुरत्या लेकीकडे किनाऱ्यावर गेल्या आहेत. लेकीचा नंबर मिळाला. लेसावीच्या आईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लागला, आणि पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग ब्रिग्जआजी.

"कोण चोर? कलताक?" सगळं ऐकून आजी इतक्या जोरात ओरडल्या, की नाकातली नळी सरकली. "अगं, माझा जीव घशाशी आला होता त्या दिवशी! ती पोरं पावसातून टेकडी चढून आली! सोबतीला आलेल्या माझ्या लेकीला, नोरीनला मीच म्हटलं, काढ फोटो यांचा, गॅझेटमध्ये देऊ!"

"गॅझेटमध्ये?" तिघं एकदम म्हणाले.

"मग! रेक्स हॅनलनलाच पाठवला होता तेव्हा. मेल्याने छापला नाही. जागा नव्हती म्हणे!"

नोरीनने पूर्ण फोटो पाठवला. तो काळपट नव्हता. ढगाळ दुपार होती, पण उजेड स्वच्छ होता. डावीकडे व्हरांड्यात ब्रिग्जआजी खुर्चीत बसल्या होत्या. एक हात कठड्यावर, दुसरा उंच केलेला, आणि तोंडभर हसू. कापलेल्या फोटोत पळणारे चोर दिसत होते. पूर्ण फोटोत तीच माणसं आजींकडे पळत जात होती.

लेसावीने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी धरले. "नुसती कडा कापलीय," ती म्हणाली. "बाकी काहीच बदललं नाही. एवढ्यात मामा चोर झाला!"

आता प्रश्न उरला जनरेटरचा. तो खरोखरच शेडमध्ये नव्हता.

तो सापडला डार्सीला, आणि शोधत नसताना सापडला. शनिवारी रग्बीचा सामना होता. मैदानाच्या कडेला क्लबचा मीट-पायचा, म्हणजे खिमा भरलेल्या भाजक्या पेस्ट्रीचा, स्टॉल होता, आणि तो डार्सीची आई शोना चालवायची. डार्सी नेहमीप्रमाणे मागच्या बाजूने आत शिरायला गेला आणि ताडपत्रीत पाय अडकून पडला. ताडपत्री ओढली गेली. खालून पिवळं काहीतरी डोकावलं. ते घरघरत होतं. त्यावर काळ्या रंगाने प्रदर्शन समितीचं नाव रंगवलेलं होतं.

"आई," डार्सी म्हणाला, "हे काय आहे?"

"जनरेटर. बाजूला हो, मीट-पाय गरम राहायला नकोत का?"

"कुठून आणला?"

"समितीच्या शेडमधून. कॉल टकवेलला फोन करून विचारलं, घेऊ का? तो म्हणाला, हो हो, घेऊन जा!"

"आई! हाच तो चोरीला गेलेला जनरेटर!"

शोनाने चिमटा हातातच धरून मागे बघितलं. "छे! चोरीला गेलेला वेगळा असेल. गॅझेटमध्ये फोटो आहे ना त्याचा."

टॅम्सिन आणि लेसावीने एकमेकींकडे पाहिलं. रांगेत उभं असलेलं निम्मं गाव चोरीबद्दल हळहळत होतं, आणि चोरीच्या जनरेटरवर गरम झालेले मीट-पाय खात होतं.

समितीचे अध्यक्ष कॉल टकवेल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणालो असेन हो. तेव्हा मी बैलांच्या कुंपणाची मापं घेत होतो, फोन कानाला होता... बरं, सापडला ना? छान झालं!"

"मग मंगळवारची सभा रद्द?" लेसावीने विचारलं.

"सभा कशी रद्द होईल? लोक अस्वस्थ आहेत, बाळ."

"कशाने अस्वस्थ आहेत?"

टकवेल घुटमळले. "ते... गॅझेटमधलं वाचून."

गॅझेटचं ऑफिस म्हणजे छापखान्याची पुढची खोली. रेक्स हॅनलन गोल, गुलाबी आणि गडबडीतला माणूस होता. बातम्या तोच लिहायचा, फोटो तोच लावायचा, जाहिराती तोच गोळा करायचा. मुलांचं बोलणं त्याने चहा पिता पिता ऐकलं.

"ठीक आहे, ठीक आहे, दुरुस्ती छापतो. पुढच्या गुरुवारी. मागच्या पानावर, गाई-वासरांच्या भावाखाली."

"पण सभा मंगळवारी आहे!"

"मग मी काय करू? आणि हे बघ पोरी, मी कुठे लिहिलंय ते चोर आहेत म्हणून? मी फक्त प्रश्न विचारलाय!"

"हा फोटो तुमच्याकडे मार्चमध्ये आला होता," टॅम्सिन म्हणाली. "ब्रिग्जआजींकडून."

रेक्सने कॉम्प्युटरवर शोधलं. फोटो सापडला. त्याचा रंग थोडा आणखी गुलाबी झाला. "अरेच्चा! मला जनरेटरचं चित्र हवं होतं, हे मिळालं. कॉलम अरुंद होता, म्हातारी मावत नव्हती, म्हणून कापली. छपाईत काळपट आला, त्याला मी काय करणार?"

"आणि 'अंधारात' हा शब्द?"

"काळपट आला होता ना!"

बाहेर आल्यावर डार्सी म्हणाला, "हा माणूस वाईट नाहीये. म्हणून जास्त राग येतो."

"सभेत उठून सांगू," लेसावी म्हणाली.

"मुलांचं ऐकतील, 'हो का' म्हणतील आणि हात वर करून मोकळे होतील," टॅम्सिन म्हणाली. "नुसतं सांगून नाही कळणार. त्यांना एकदा स्वतः फसायला हवं." मग ती रस्त्यातच थांबली. "लेसावी! आपण त्यांचेच फोटो काढले तर?"

"कोणाचे?"

"सगळ्यांचे! आणि नीट कापले तर?"

मग डार्सी खो खो हसत सुटला.

एक नियम लेसावीने घातला. "एक अक्षरही खोटं लिहायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचा. आणि उरलेला अर्धा फोटो तिथेच, त्याच कागदावर हवा. नाहीतर आपण पण रेक्सच!"

रविवार आणि सोमवार टॅम्सिनच्या कॅमेऱ्याने गावभर फेऱ्या मारल्या. गावातले लोक दिवसभरात किती संशयास्पद वागतात, हे बघून तिघं थक्क झाले. प्रार्थनेनंतर पाद्री दानपेटीत कोपरापर्यंत हात घालून उभे होते. रेक्स हॅनलन भरदुपारी खिडकीतून आत शिरत होता. मिस्टर टकवेल एका रडणाऱ्या पोराला काखेत मारून गाडीकडे धावत होते. डार्सीने स्वतःच्या आईलाही सोडलं नाही. ती स्टॉलमागे मेलेला उंदीर शेपटीला धरून उभी होती.

"आई मारेल तुला," टॅम्सिन म्हणाली.

"बातमीदाराला भीती नसते!"

गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी फोटो मोठे छापून दिले. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाल्या, "माझा नाही ना काढला?"

मंगळवारी सभागृह भरलं. लोक आत आले आणि भिंतीपाशीच अडकले. भिंतीवर एका ओळीत फोटो लावले होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गॅझेटसारखा मथळा होता. 'देवाच्या पेटीत हात कोणाचा?' 'भरदिवसा खिडकीतून कोण शिरतंय?' 'हे मूल कोणाचं, आणि कुठे नेलं जातंय?' उंदराच्या फोटोवर लिहिलं होतं, 'तुम्ही हिच्या हातचं खाता का?'

आधी कुजबुज झाली. मग कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग एक बाई शेजारणीला म्हणाली, "मला वाटायचंच, त्या स्टॉलवर काहीतरी आहे!"

"डार्सी!" शोना किंचाळली. "कुठे आहे तो कार्टा?"

कार्टा खुर्च्यांच्या मागे होता.

"ही बदनामी आहे!" रेक्स हॅनलन ओरडला. तो आणखी गुलाबी होणं शक्य नव्हतं. "त्या खिडकीत मी काय करत होतो हे कोणी विचारलं का मला? काढा ते! आत्ता काढा!"

टॅम्सिन पुढे आली.

"आम्ही कुठे लिहिलंय तुम्ही चोर आहात म्हणून, मिस्टर हॅनलन? आम्ही फक्त प्रश्न विचारलाय."

सभागृहात मागच्या बाकावर कोणीतरी मोठ्याने हसलं.

"कागद दुमडलेले आहेत," लेसावी म्हणाली. "उलगडून बघा."

पाद्रींनी आपला कागद स्वतःच उलगडला. दुमडलेल्या भागात त्यांचा दुसरा हात होता, आणि त्यावर एक लठ्ठ हिरवा बेडूक. दानपेटीत दोन शिरले होते, दुसरा अजून आतच होता. टकवेलांच्या कागदात त्यांची मुलगी गाडीचं दार उघडून हसत उभी होती, आणि ते चिखलात लोळलेलं पोर त्यांचाच नातू होता. शोनाच्या कागदात शेजारच्या दुकानाचं फुटकं गटार होतं, तिथून तिने तो उंदीर काढला होता. रेक्सचा कागद त्याच्या बायकोने उलगडला. खिडकी त्याच्याच छापखान्याची होती. खिडकीखाली ती स्वतः कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"किल्ली आत विसरला होता!" तिने सगळ्या सभागृहाला सांगितलं. "या महिन्यात दुसऱ्यांदा!"

लोक हसून हसून बेजार झाले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की शेवटचा एक कागद अजून दुमडलेलाच आहे. तो गॅझेटच्या पहिल्या पानाचा होता. 'अंधारात पळतंय कोण?'

"मिस्टर टकवेल," लेसावी म्हणाली, "हा तुम्ही उलगडाल?"

टकवेलांनी टोपी काढली, पुढे झाले आणि कागद उलगडला. ब्रिग्जआजी हात उंच करून हसत होत्या. वर चाफा फुललेला होता.

"चावी मीच दिली होती," टकवेल म्हणाले. कोणाला उद्देशून नव्हे. "मार्चमध्ये. मीच म्हणालो होतो, पळ."

मग ते वळले आणि त्यांनी जनरेटरचं सगळं सांगितलं. शोनाचा फोन, बैलांचं कुंपण, आपलं 'हो हो'. हे सांगताना त्यांनी काही कापलं नाही. मग ते मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या कलताककडे चालत गेले आणि त्यांनी हात पुढे केला. "माझी चूक झाली," ते म्हणाले. कलताकने हात हातात घेतला.

एक म्हातारा शेतकरी उठला आणि चिडक्या आवाजात म्हणाला, "मी तो फोटो माझ्या सगळ्या भावंडांना पाठवला. आता प्रत्येकाला फोन करत बसू का?"

"हो," टॅम्सिन म्हणाली. ती उद्धट बोलली असं तिच्या आईला वाटलं, पण त्या वेळी कोणी काही म्हटलं नाही.

खोल्या काढून घेण्याचा ठराव मांडायला कोणी उभंच राहिलं नाही. सभा चहावर संपली. बेकरीवाली बाई लॅमिंग्टन केकचा अख्खा ट्रे घेऊन मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या नऊ माणसांकडे गेली, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे सगळ्यांना दोन-दोन वाढून आली. शोनाने डार्सीचा कान पकडला, पिळला, आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पाद्रींनी बेडकाचा फोटो घरी लावायला मागून घेतला. टकवेल तिन्ही मुलांसमोर येऊन म्हणाले, "पन्नास वर्षं मी या सभागृहात भाषणं ऐकतोय. इतक्या थोड्या शब्दांत कोणी माझी इतकी फजिती केली नव्हती. शाबास! तुमच्या बाईंना कळवा, त्यांचा पगार वाया जात नाहीये."

कळवलं. पेट्राकिस बाईंचं उत्तर आलं, 'फार छान. पाद्रींची परवानगी आधी घेतली होती का?' घेतली नव्हती. त्यावर शाळा उघडल्यावर एक अख्खा तास झाला, पण ते पुढचं.

गुरुवारी गॅझेट आलं. पहिल्या पानावर पूर्ण फोटो होता, पाच कॉलम रुंद. खाली रेक्सने लिहिलं होतं, की हा फोटो त्यानेच कापला होता आणि त्या तीन माणसांची तो क्षमा मागतो. त्यांची नावंही दिली होती, अचूक स्पेलिंगसह. आतली एक जाहिरात त्यामुळे गळली होती.

तो अंक घेऊन तिघं संत्र्याच्या बागेत गेले. जेवणाची सुट्टी होती. कलताकने शिडीवर बसून बातमी दोनदा वाचली. मग त्याने टॅम्सिनकडे पाहिलं.

"लेसावी सांगत होती, तुझा माझ्यावर विश्वास नव्हता."

टॅम्सिनचे कान तापले. लेसावी दुसरीकडे बघायला लागली.

"नव्हता," टॅम्सिन म्हणाली. "म्हणजे, मला माहीत नव्हतं."

"बरं झालं," कलताक म्हणाला. "ही माझी भाची. ही सभेत बोलली असती तर लोक म्हणाले असते, भाचीच ती, बोलणारच. तू आधी मला तपासलंस, म्हणून त्यांना तुझं ऐकावं लागलं." त्याने पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि तिच्या हातात ठेवलं.

"मामा, तिला एवढं चढवू नकोस!" लेसावी म्हणाली. पण सरकून तिने टॅम्सिनला शिडीच्या पायरीवर जागा करून दिली.

"आणि चाफा?" डार्सी ओरडला. "चाफा मी शोधला! ते कोणी छापलंच नाहीये! हा अन्याय आहे!"

शिडीखाली बसलेली सगळी माणसं हसायला लागली, आणि डार्सीने त्यांना अगदी पहिल्या कुत्र्यापासून सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली.